हमिंगबर्डसाठी लावलेलं बी दरवर्षी उगवत नाही, किंवा उगवून मरतं? नेमकं कुठे अडतंय ते शोधूया

मार्च संपत आला की आमच्या एडिसनच्या मैत्रिणींचे फोटो यायला लागतात. ट्रेमध्ये नुसती माती, नाहीतर माती आणि त्यावर आडवी पडलेली चार रोपं, आणि खाली एकच प्रश्न, "अगं काय झालं गं याला?" सगळ्यांना अंगणात हमिंगबर्ड, फुलांतला मध पिणारा तो इवलासा पक्षी, हवाय, पाकिटावरचं त्याचं चित्र बघूनच बी आणलेलं असतं, आणि दरवर्षी हेच होतं. माझ्याकडे सलग तीन वर्षं हेच झालं, चौथ्या वर्षी जमलं आणि आता दरवर्षी जमतंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहून काढूया, कोणतं लक्षण दिसलं की कुठे बघायचं ते.

मी न्यू जर्सीत आहे, झोन ७ए (हिवाळ्यात थंडी किती पडते त्यावरून इथे झोन ठरतात), त्यामुळे तारखा इथल्या आहेत. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियावाल्यांनी तारखा आपल्या आपल्या बघा, कारणं तीच राहतात. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांतच असतात, आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर, तो दिसायला जवळचा वाटला तरी कूळ पूर्ण वेगळं. आमच्याकडे येतो तो रुबी थ्रोटेड, म्हणजे माणकासारख्या लाल गळ्याचा, अमेरिकेच्या पूर्वेकडे घरटं करणारी ही एकच जात. वजन साधारण तीन ग्रॅम, म्हणजे एका पेनीपेक्षा, एका सेंटच्या नाण्यापेक्षा, जरासंच जास्त, आणि एवढासा जीव हिवाळ्यात मेक्सिको, मध्य अमेरिकेपर्यंत जाऊन परत येतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि सप्टेंबर संपता संपता जातो. ही दोन टोकं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता माझी चूक सांगते, कारण मला फोटो पाठवणाऱ्या दहापैकी आठ जणींची तीच असते. मी चार लाल फुलझाडांची पाकिटं आणली होती, गणेशवेल, लाल कोलंबाइन, कार्डिनल फ्लॉवर आणि लाल साल्व्हिया, आणि चारही एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये, एकाच मातीत, बोटाने अर्धा इंच खड्डे करून पुरली. घरी गावाकडे मेथी कोथिंबीर अशीच तर टाकतो आपण. पण ही चार बियाणी चार वेगळ्या स्वभावाची आहेत, एकाला टरफल फोडून हवं, दोघांना आधी थंडी हवी, तिघांना उजेड हवा, आणि हे समजलं नाही तर पाणी कितीही घाला, काही होत नाही.

काहीच उगवलं नाही

तीन आठवडे झाले आणि माती तशीच आहे, तर ट्रे फेकू नका. काडीने एक बी उकरून काढा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. मी आजही सगळ्यात आधी हेच करायला सांगते कारण अर्धं निदान तिथेच होतं. बी खड्यासारखं कडक असेल तर ते अजून पाणीच प्यायलेलं नाही. दाबल्यावर पचकन फुटून आतून पांढरट चिकट काही आलं तर ते कुजलंय, म्हणजे पाणी जास्त आणि माती गार. आणि फुगलंय, टणक आहे, पण मोड नाही, तर बहुतेक ते कशाची तरी वाट बघतंय.

पहिला प्रकार म्हणजे गणेशवेल. हो, आपलीच ती, गणपतीच्या सुमारास कुंपणावर लाल चांदण्यांसारखी फुलते ती. मूळची ही अमेरिकेच्या उष्ण भागातलीच, आपल्याकडे नंतर आली, आणि इथे सायप्रस व्हाइन म्हणून बी मिळतं. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर रोप बघून लांबूनच ओळखलं, "अगं ही तर गणेशवेल, ही तुझ्या पक्ष्याला आवडते होय?" खूप आवडते, फुलाची नळी त्याच्या चोचीच्या मापाची आहे. हिचं टरफल टणक असतं, तसंच पुरलं तर एखादं आठ दिवसात येतं, एखादं महिन्याने, एखादं येतच नाही. उपाय सोपा आहे. बी नीट बघितलंत तर एका टोकाला जिथून ते फळाला जोडलेलं होतं तिथे छोटा व्रण दिसतो, तो भाग सोडून विरुद्ध बाजूला नेलकटरने अगदी निसटता टवका काढायचा, वरचा काळपट थर जाऊन आतलं फिकट दिसलं की बास, पुढे जायचं नाही, आतल्या गराला लागलं तर तिथूनच कुजतं. नेलकटर जमत नसेल तर बारीक सँडपेपरवर दोन चारदा घासा. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी जी फुगून जवळजवळ दुप्पट झाली ती लगेच पेरा, जी तशीच राहिली त्यांना परत एक टवका. उबदार मातीत, म्हणजे ७० ते ७५ फॅरनहाइट असेल तर, आठवड्याभरात येतात, आणि येतात ती पहिली दोन पानं दोन बाजूंना चिरलेली, कोतवाल पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी, ते बघून खराब पानं आहेत असं समजून मी पहिल्यांदा काळजीत पडले होते, ती तशीच असतात.

इथेच एक कळकळीने सांगते. भारतात जाऊन येताना आईच्या कुंपणावरचं बी पुडीत बांधून बॅगेत टाकू नका. पेरायचं बी अमेरिकेत आणायला रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर सांगावं लागतं, न सांगता आणलं तर दंड होऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे बियांबरोबर रोग किडे येतात ते खरंच येतात. दोन तीन डॉलरचं पाकीट इथे मिळतं, तेवढ्यासाठी नको. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी ही वेल लावायच्या आधी आपल्याकडे ती चालते का ते बघा, तिथे ती आपोआप पडून रानभर पसरते. आमच्याकडे थंडीत मरते म्हणून आटोक्यात राहते.

दुसरा प्रकार थंडीवाला. लाल कोलंबाइन आणि कार्डिनल फ्लॉवर ही इथलीच रानटी झाडं, यांचं बी उन्हाळ्यात आणि पुढे शरदात गळतं, बर्फाखाली पडून राहतं आणि वसंतात उगवतं. आता विचार करा, सप्टेंबर ऑक्टोबरात गळलेलं बी लगेच उगवलं असतं तर पुढच्या महिन्यातल्या बर्फाने रोप मेलंच असतं, म्हणून बियातच तशी सोय आहे की बरेच दिवस ओल आणि थंडी मिळाल्याशिवाय जागं व्हायचं नाही. आपण ते पाकिटातून काढून गरम स्वयंपाकघरात पेरतो आणि ते झोपूनच राहतं.

फ्रिज हा त्यावर उपाय, पण कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, मी एक वर्ष तेच केलं आणि ते वर्ष वाया गेलं. ओल आणि थंडी दोन्ही एकत्र लागते. मूठभर स्वच्छ वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) घ्या, ओलं करा, मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये पण उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात साधारण तसं. त्यात बी मिसळून झिपलॉकमध्ये भरा, वर तारीख आणि नाव लिहा, आणि फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ६० दिवस. फ्रीझरमध्ये नाही हं, ओलं बी फ्रीझरमध्ये गेलं तर मरू शकतं. दर आठवड्याला एकदा पिशवी उघडून बघायची, वाळू सुकली असेल तर शिंतोडा मारायचा, बुरशी दिसली तर बी धुऊन नव्या वाळूत. मार्चच्या मध्यात पेरायचं असेल तर पिशवी जानेवारीच्या मध्यात फ्रिजमध्ये जायला हवी. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे नवऱ्याने एकदा साफसफाईत पिशवी कचऱ्यात टाकली होती, तेव्हापासून डब्यात ठेवते.

फ्रिजची कटकट नको असेल तर दुधाचे कॅन. गॅलनचा पारदर्शक कॅन मध्यातून कापायचा, हँडलच्या बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा, बुडाला पाच सहा भोकं, त्यात तीन चार इंच ओली माती, वर बी, चिकटपट्टीने बंद, कॅनचं वरचं बूच मात्र काढून टाकायचं, आणि जानेवारीत सरळ डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या उघड्या लाकडी ओट्यावर, ठेवून द्यायचं. बर्फ पडो, पाऊस पडो, काही करायचं नाही. एप्रिलमध्ये आत हिरवं दिसायला लागतं. मला स्वतःला आता हीच पद्धत आवडते, कारण रोपं पहिल्या दिवसापासून बाहेरच्या हवेला सरावलेली असतात आणि खाली जी रोप कोलमडण्याची गोष्ट सांगणार आहे ती यात फारशी होतच नाही.

ज्यांच्याकडे मागे ओढा किंवा ओलसर सावलीची जागा आहे त्यांच्यासाठी अजून एक नाव, ज्युवेलवीड. हा आपल्या तेरड्याचा सख्खा चुलतभाऊ, नारिंगी लटकणारी फुलं, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की तेरड्यासारखीच फट्कन फुटते, माझी लेक तासभर तेवढंच करत बसते. हमिंगबर्ड ऑगस्ट सप्टेंबरात याच्यावर अक्षरशः तुटून पडतात. पण याचं बी कोरडं झालं की रुजत नाही म्हणून पाकिटातलं बी बहुतेक फुकट जातं, शरदात ताजं मिळालं तर तेव्हाच ओल्या जागी पेरून टाका.

उजेडाचं तर फारच कमी जणींना माहीत असतं. कार्डिनल फ्लॉवरचं बी इतकं बारीक की खसखससुद्धा त्याच्यापुढे जाड वाटते, कागदावर ओतलं तर तपकिरी धूळच. ते मातीखाली गेलं की संपलं. मातीवर नुसतं भुरभुरायचं, सपाट काहीतरी घेऊन हलकं दाबायचं आणि वर काहीही घालायचं नाही. कोलंबाइन आणि लाल साल्व्हियाही वरच ठेवायचे. वरून पाणी ओतलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्यात ठेवून खालून पाणी शोषू द्यायचं. ही रोपं पहिले तीन चार आठवडे टाचणीच्या डोक्याएवढीच राहतात, वाढ खुंटली म्हणून खत घालू नका, ती तशीच सावकाश येतात.

तरी नाहीच उगवलं आणि बी जुनं असेल अशी शंका असेल तर गणेशवेल किंवा साल्व्हियाचे दहा दाणे ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून, मटकीला मोड आणतो तसे, उबदार जागी ठेवून बघा. दहापैकी पाच आले तर दुप्पट पेरा, एखाददुसराच आला तर नवं पाकीट. थंडीवाल्या बियांना ही परीक्षा थंडी दिल्यानंतरच लावायची.

उगवलं, छान वाटलं, आणि दोन दिवसांत आडवं झालं

हे सगळ्यात जिवाला लागतं. रात्री रोपं ताठ असतात आणि सकाळी बघावं तर एका कोपऱ्यातली सहा सात झोपलेली. जवळून बघा, पानं हिरवीच असतात, पण मातीला टेकतो तिथे दांडा चिमटून दोऱ्यासारखा झालेला असतो, तपकिरी, पाणचट. याला शेतीत रोप कोलमडणं म्हणतात, मातीतल्या बुरशीमुळे होतं, आणि आडवं झालेलं रोप काही केल्या परत उठत नाही. तहानलं असेल असं वाटून आपण अजून पाणी घालतो आणि उरलेलीही जातात. तहानेने मान टाकली असेल तर पानं मऊ लोंबतात आणि दांडा अख्खा असतो, हा फरक ओळखायला शिका.

त्या क्षणी करायचं ते इतकंच, आडव्या झालेल्या रोपांभोवतीच्या मातीसकट तो भाग चमच्याने उचलून कचऱ्यात टाका, ट्रेवरचं प्लास्टिकचं झाकण असेल तर काढा, छोटा पंखा मंद लावून हवा रोपांच्या वरून जाईल असा ठेवा, आणि वरची माती फिकी दिसेपर्यंत पाणी बंद. मी असं करून अर्धा ट्रे वाचवलाय.

पुढच्या वर्षासाठी मात्र मुळाशी जायला हवं. अंगणातली माती किंवा बागेच्या मातीची स्वस्त गोणी ट्रेसाठी वापरू नका, ती जड असते आणि पाणी धरून बसते, सीड स्टार्टिंग मिक्स, म्हणजे बी रुजवण्यासाठी मिळणारं हलकं मिश्रण, घ्या. जुने ट्रे एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी अशात दहा मिनिटं बुडवून धुवा. बी दाट पेरू नका. आणि मातीची ऊब, मार्चमध्ये खिडकीतली माती हाताला गार लागते, गार आणि ओली माती म्हणजे या बुरशीला आमंत्रणच. साल्व्हिया आणि गणेशवेलीसाठी हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेवर गरम होणारी चटई, खरंच उपयोगी पडते, फक्त रोपं वर आली की बंद करा.

लांबुडकी झाली

खिडकीकडे वाकलेली, पांढुरकी, दोन पानांच्या खाली चार इंच दांडा. हा सरळ सरळ उजेडाचा दुष्काळ. इथल्या मार्चच्या खिडकीवर जाऊ नका, आपल्याला लख्ख वाटतं पण रोपाला पुरत नाही. साधी एलईडी शॉप लाइटसुद्धा चालते, रोपांच्या दोन तीन इंच वर टांगायची, रोपं वाढतील तशी वर सरकवायची, आणि टायमर लावून रोज १४ ते १६ तास. साल्व्हिया लांबुडका झालाच असेल तर मोठ्या कपात खोल लावा आणि तिसऱ्या जोडपानावर शेंडा खुडा, त्याने फांद्या फुटतात. गणेशवेलीच्या बाबतीत मात्र चूक वेगळी असते, ती लवकर पेरली जाते. मार्चमध्ये पेरली तर एप्रिलमध्ये सगळ्या वेली एकमेकींना अशा गुंडाळतात की सोडवता सोडवता तुटतात, आणि मुळं हलवलेली तिला आवडतही नाहीत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कागदी कपात पेरा आणि कप तळाशी फाडून तसाच जमिनीत ठेवा, किंवा मे निम्मा सरल्यावर थेट जागेवर पेरा. आमच्याकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फ्रॉस्टचा, म्हणजे रात्री दव गोठवणाऱ्या थंडीचा, भरवसा नसतो.

बाहेर नेल्यावर पानं पांढरी कागदासारखी होतात ते रोग नाही, ऊन बाधलंय. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं थोडं वाढवत, आठ दहा दिवसांनी दिवसभर उन्हात. घाई केलीत तर दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी जाते.

झाड दणकट आहे पण फूल नाही

गणेशवेल डेकच्या कठड्यावर चढून वर गेली आणि नुसती पानंच पानं, तर तुम्ही तिचे लाड केलेत. जास्त शेणखत, लॉनचं खत, म्हणजे नायट्रोजन, की वेल पानांतच रमते. खत बंद करा आणि सहा तास तरी थेट ऊन आहे का बघा. जूनमध्ये फूल नाही म्हणून उपटू नका, तिचा खरा बहर ऑगस्ट सप्टेंबरातच.

कार्डिनल फ्लॉवर आणि कोलंबाइनला बियापासून पहिल्या वर्षी बहुतेक वेळा फूल येतच नाही, जमिनीलगत पानांचा झुबका तेवढा दिसतो. हे अपयश नाहीये, प्लीज उपटू नका. कार्डिनल फ्लॉवरचा तो झुबका हिवाळाभर हिरवाच असतो आणि त्यावर ओल्या पानांचा किंवा मल्चचा (मातीवर पसरतात त्या लाकडाच्या भुशाचा) थर बसला की गुदमरून कुजतो, म्हणून नोव्हेंबरमध्ये पानं हाताने बाजूला करा. माझी पहिली सगळी रोपं अशीच गेली होती, आणि मला वाटत होतं थंडीने गेली.

फुलं आहेत, पक्षी नाही

आता ती दोन टोकं आठवा. पक्षी एप्रिलच्या अखेरीला येतो आणि आपला साल्व्हिया जूनच्या शेवटी फुलतो, तोवर तो दुसऱ्या कुणाच्या अंगणात रमलेला असतो. लाल कोलंबाइन एवढ्यासाठीच हवं, ते तो येतो तेव्हाच फुलतं. मग साल्व्हिया, मग जुलै अखेरपासून कार्डिनल फ्लॉवर, मग गणेशवेल. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. एकेक रोप दहा जागी लावण्यापेक्षा एका जागी आठ दहा एकत्र लावा, उडता उडता लाल ठिपका नाही, लाल पट्टा दिसला पाहिजे. साल्व्हियात बुटका, भरगच्च, सिमेंटच्या कुंडीत शोभेला लावतात तो नको, साल्व्हिया कॉक्सिनिया असं नाव बघून घ्या, उंच आणि मोकळ्या तुऱ्यांचा.

आणि फवारे बंद. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने उडवा. हमिंगबर्ड नुसत्या फुलांतल्या मधावर जगत नाही, बारीक किडे आणि कोळी खातो, पिल्लांनाही तेच भरवतो, घरटंसुद्धा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधतो. कठड्याच्या कोपऱ्यातली जाळी मी आता उन्हाळाभर काढत नाही. पहिली फुलं येईपर्यंत फीडर, म्हणजे साखरपाण्याचं टांगतं भांडं, लावायचा असेल तर एक वाटी साधी साखर, चार वाट्या पाणी, रंग नको, मध नको, गूळ तर अजिबात नको, आणि उकाड्यात दर दोन दिवसांनी धुऊन नवं.

ऑगस्टमध्ये लाल गळ्याचे मोठे नर आधी निघतात, मागे राहतात त्या माद्या आणि यंदाची पिल्लं, म्हणून गळा लाल दिसला नाही तरी तो हमिंगबर्डच आहे. मागच्या वर्षी गणपतीत आरतीच्या वेळी मागच्या दाराबाहेर गणेशवेलीवर एक पिल्लू होतं, फुलासमोर हवेत उभं, चोच आत, मागे सरकलं, पुढचं फूल, परत मागे. लेकीने टाळ्या थांबवल्या आणि आम्ही सगळे काचेतून बघत राहिलो.

गणेशवेलीच्या फुलामागची बोंडं तपकिरी होऊन वाळली की ऑक्टोबरच्या आधी काढून ठेवा, एकेका बोंडात साधारण चार दाणे निघतात, कागदी पाकिटात, कोरड्या जागी, फ्रिजमध्ये नाही. फ्रिजमधली जागा जानेवारीत कोलंबाइन आणि कार्डिनल फ्लॉवरला लागणार आहे. कुणाचं बी आत्ता ट्रेमध्ये अडलं असेल तर कुठलं झाड, कधी पेरलं, वर माती घातली की नाही, आणि उकरून दाबलं तेव्हा बी कसं लागलं, एवढं लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.